नानांच्या ट्रंकेतील कागद: तोफखाना, मग 'दिल्लीची नोकरी'. पुढचा माग कसा काढावा?

तांबटआळी (प्रश्न)

नमस्कार. माझे थोरले काका, ज्यांना आम्ही सगळे नाना म्हणत असू, गेल्या वर्षी वृद्धापकाळाने वारले. त्यांच्या नोकरीविषयी घरात जे माहीत आहे ते दोन वाक्यांत संपते. चीनच्या युद्धानंतर ते तोफखान्यात अधिकारी झाले आणि काही वर्षांनी लष्कर सोडून दिल्लीला 'सरकारी नोकरी'ला लागले. नोकरी कसली, या प्रश्नाचे उत्तर मात्र विचारणाऱ्याच्या वयाप्रमाणे बदलत असे. आम्ही शाळेत असताना ते 'शेतकी खात्यात' होते, कॉलेजात गेल्यावर ते 'सीमाभागातल्या गावांच्या विकासाचे काम' झाले आणि निवृत्त होऊन नाशिकला आल्यावर 'फायली इकडच्या तिकडे नेत होतो, दुसरे काय' एवढ्यावर विषय मिटू लागला. तोफखान्याबद्दल ते मोकळेपणाने बोलत. देवळालीच्या रेंजवर सराव चालू असला आणि वाऱ्याबरोबर आवाज आला, की चहाचा कप खाली ठेवून 'ही १०५ मिलिमीटरची नव्हे, मोठी आहे' असे सांगत. दिल्लीच्या वर्षांबद्दल मात्र कधी चकार शब्द काढला नाही.

आता वाडा विकायला काढल्यामुळे माळ्यावरची त्यांची ट्रंक खाली आली आणि तिच्यातले कागद माझ्या ताब्यात आले. त्यात सैन्यसेवा पदक, रक्षा पदक १९६५ आणि संग्राम पदक अशी तीन पदके आहेत. पहिल्या दोहोंच्या कडेवर 'ईसी'ने सुरू होणारा क्रमांक आणि त्यांचे नाव आहे, तिसऱ्याची कड कोरी आहे. काकूंना आणि माझ्या वडिलांना लिहिलेल्या अंतर्देशीय पत्रांचा एक गठ्ठा आहे. जुन्या पत्रांवर '९९ एपीओ' हा लष्करी टपालाचा पत्ता, नंतरच्यांवर नवी दिल्लीचा एक पोस्ट बॉक्स क्रमांक. १९७०ची एक खिशातली डायरी आहे, जिच्यात हिशेबांखेरीज फारसे काही नाही, पण अधूनमधून नुसता '२२' हा आकडा आणि त्याभोवती गोल आहे. जाड कोट घातलेल्या आठ माणसांचा बर्फातला एक फोटो आहे. कोणाच्याही कपड्यांवर कसलेही चिन्ह नाही आणि फोटोमागे काही लिहिलेले नाही. तोफांविषयीची एक छापील पुस्तिका आहे, तिच्या प्रत्येक पानावर इंग्रजीत 'रिस्ट्रिक्टेड' असे छापलेले आहे. तळाशी पेन्शनचे कागद आहेत, ते मी अजून नीट वाचलेले नाहीत.

माझ्या चुलतभावाचे ठाम मत आहे की नाना 'रॉ'मध्ये, म्हणजे परदेशांतील हेरगिरी सांभाळणाऱ्या गुप्तचर संस्थेत होते आणि १९६५ साली नंदादेवीवर अणुयंत्र बसवायला गेलेल्या तुकडीत होते. फोटो हाच त्याचा पुरावा. मला घाईने काही ठरवायचे नाही. चौकशी कोठून सुरू करावी, नाशिकरोडच्या तोफखाना अभिलेख कार्यालयात जाऊन काही मिळेल का आणि मुळात हे सगळे शोधणे कायद्याला धरून आहे का, हे जाणकारांनी सांगावे.

निवृत्त_लेखनिक

मी एका अभिलेख कार्यालयात बरीच वर्षे काढली आहेत, त्यामुळे त्याच बाजूने लिहितो.

नाशिकरोडला जाण्याचे श्रम वाचवा. तेथील तोफखाना अभिलेख कार्यालय जवान आणि जेसीओ (जवान व अधिकारी यांच्या मधल्या हुद्द्यांचे लोक) यांची कागदपत्रे सांभाळते. अधिकाऱ्यांच्या सेवेच्या फायली तेथे नसतात, त्या दिल्लीला लष्कराच्या मुख्यालयात, ॲडज्युटंट जनरलच्या शाखेकडे असतात. आपल्या जिल्ह्यात हा गोंधळ नेहमीचा आहे. 'तोफखाना म्हणजे नाशिकरोड' हे समीकरण इतके पक्के बसले आहे, की एखाद्या कर्नलचा नातूसुद्धा तेथेच अर्ज घेऊन उभा राहतो.

'ईसी' म्हणजे इमर्जन्सी कमिशन. १९६२च्या पराभवानंतर अधिकाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढवायची होती, म्हणून तरुणांना कमी मुदतीच्या प्रशिक्षणानंतर तात्पुरते कमिशन देण्यात आले आणि त्यासाठी १९६३मध्ये मद्रास आणि पुणे येथे प्रशिक्षण शाळा उघडल्या. कायम कमिशनवाल्यांचा क्रमांक 'आयसी'ने सुरू होतो. तेव्हा नानांचे लष्करातले पर्व या दोन अक्षरांनीच बरेचसे सांगून टाकले आहे. हे अधिकारी १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात टप्प्याटप्प्याने मुक्त करण्यात आले, काहींना कायम कमिशन मिळाले, आणि मुक्त झालेल्यांसाठी केंद्र सरकारच्या सेवांमध्ये जागा राखून ठेवल्या होत्या. लष्करातून थेट दिल्लीच्या नोकरीत जाणे हे त्या काळी शेकडो जणांच्या बाबतीत घडले. त्यात आपोआप गूढ काही नाही.

नानांचे कमिशन, बढती आणि मुक्तता यांच्या तारखा भारताच्या राजपत्रात सापडायला हव्यात. संरक्षण मंत्रालयाच्या अधिकाऱ्यांच्या नेमणुका 'भाग १, खंड ४' मध्ये छापल्या जातात आणि जुने अंक आता संगणकावर पाहता येतात. नावाने शोधण्यापेक्षा ईसी क्रमांकाने शोधा, कारण आपल्या आडनावांची इंग्रजी स्पेलिंगे तेथे पाहण्यासारखी असतात.

आता पेन्शनच्या कागदांकडे वळा. आपण ते तळाशी आहेत म्हणून शेवटी लिहिलेत, मी ते सर्वांत आधी वाचले असते. लष्करी पेन्शन अलाहाबादच्या (आताच्या प्रयागराजच्या) संरक्षण लेखा कार्यालयाकडून मंजूर होते. आदेशावर अलाहाबाद नसेल, तर अखेरची नोकरी नागरी होती हे तेथेच सिद्ध झाले. नागरी पेन्शनच्या १९७२च्या नियमांतील नियम १९ प्रमाणे आधीची लष्करी सेवा पेन्शनसाठी जोडून घेता येत असे. ती जोडली असेल, तर हिशेबाच्या तक्त्यावर लष्करी सेवा कधीपासून कधीपर्यंत, मध्ये खंड किती आणि नागरी सेवा कोणत्या तारखेला सुरू, हे सगळे लिहिलेले असते. मंजुरी देणाऱ्या कार्यालयाचे नावही असते. माणूस कितीही मितभाषी असला, तरी लेखा विभागासमोर त्याला तारखा द्याव्याच लागतात.

संग्राम पदकावर फार भिस्त ठेवू नका. १९७१च्या युद्धाच्या काळातील सेवेसाठी ते फार मोठ्या प्रमाणावर दिले गेले आणि सैन्याबरोबर निमलष्करी दले, पोलीस, गृहरक्षक दल यांनाही ते मिळाले. त्या वेळी ते कोणत्या तरी वर्दीच्या किंवा तत्सम सेवेत होते, एवढेच त्यावरून कळेल. प्रत्यक्ष युद्धक्षेत्रातील सेवेसाठीचा पूर्वी स्टार किंवा पश्चिमी स्टार असता तर गोष्ट वेगळी होती.

जुनी_पाकिटे

मी टपाल खुणांचा संग्राहक आहे, म्हणून फक्त पत्रांविषयी लिहितो.

सैन्याच्या टपालात ५६ एपीओ आणि ९९ एपीओ असे दोन मोठे पत्ते आहेत. ५६चे टपाल दिल्लीच्या मध्यवर्ती तळ टपाल कार्यालयातून फुटते, ९९चे कोलकात्याहून. म्हणजे ज्या काळात नानांच्या पत्रांवर ९९ आहे, त्या काळात त्यांची रेजिमेंट पूर्वेकडे, ईशान्य सीमेच्या बाजूला असावी, असे म्हणता येते. त्याहून नेमके ठिकाण पत्त्यावरून कळत नाही, आणि कळू नये हाच त्या पत्त्याचा हेतू असतो. मात्र पत्रावर 'एफपीओ' आणि क्रमांक असा गोल शिक्का असेल तर तो जपा. फील्ड पोस्ट ऑफिसांच्या क्रमांकांवर संग्राहकांनी पुष्कळ काम केले आहे आणि तारखेसह क्रमांक मिळाला तर ब्रिगेड किंवा डिव्हिजनपर्यंत पोहोचता येते.

पोस्ट बॉक्सवाली पत्रे मला जास्त रंजक वाटतात. त्यांवरचा शिक्का कुठला आहे, आणि आत तारीख, हवापाणी, पिके, सणवार यांविषयी काय लिहिले आहे, हे शेजारी शेजारी मांडून पाहा. अंतर्देशीय पत्र मुळीच फाडून उघडू नका. घडीच्या आत अनेकदा फिकट शिक्का उमटलेला असतो.

तांबटआळी

जुनी_पाकिटे यांच्या सूचनेप्रमाणे पत्रे मांडून पाहिली. त्यांतले एक काकूंना लिहिलेले आहे, १९७२च्या मे महिन्यातले, आणि शिक्का नवी दिल्लीचा आहे. वाड्याच्या भाडेकरूंविषयी आणि माझ्या वडिलांच्या परीक्षेविषयी लिहून झाल्यावर शेवटी नाना म्हणतात: 'अक्षर वाईट आले आहे, क्षमस्व. बोटे गारठून लेखणी धरवत नाही.' मे महिन्यात! दिल्लीत!

जुनी_पाकिटे

मग उत्तर आपल्याला मिळालेच आहे. पत्र उंचावर कुठे तरी लिहिले गेले, थैलीतून दिल्लीला गेले आणि तेथे पेटीत पडले. कोणी तरी मजकूर वाचला असेल तर तोही मराठी न कळणारा असावा.

दिंडोरी_नाका

चुलतभावाच्या म्हणण्याचा आधी निकाल लावू. 'रॉ'ची स्थापना २१ सप्टेंबर १९६८ची, रामनाथ काव तिचे पहिले प्रमुख. त्यामुळे १९६५ साली कोणीही 'रॉ'त असणे शक्य नव्हते. नंदादेवीची मोहीम खरी आहे. चीनच्या अणुचाचण्यांवर पाळत ठेवण्यासाठी अमेरिकी आणि भारतीय गुप्तचर यंत्रणांनी मिळून ती आखली, कॅप्टन मनमोहनसिंग कोहली तिचे नेते होते, आणि हवामान बिघडल्यामुळे वरच ठेवून दिलेले अणुशक्तीवर चालणारे यंत्र नंतर सापडले नाही. पण त्यात निष्णात गिर्यारोहक होते. १९६५ साली नाना तोफखान्यात होते, हे त्यांच्या रक्षा पदकाच्या कडेवरचा ईसी क्रमांकच सांगतो. बर्फातल्या प्रत्येक फोटोला नंदादेवी चिकटवण्याची हौस आपल्याकडे फार आहे.

१९६२नंतर दिल्लीत 'रॉ'खेरीजही बरेच काही उभे राहिले होते, हे लोक विसरतात. डायरेक्टोरेट जनरल ऑफ सिक्युरिटी या छत्राखाली तीन प्रमुख संस्था होत्या. १४ नोव्हेंबर १९६२ रोजी उभारलेले आणि मुख्यतः तिबेटी जवानांचे स्पेशल फ्रंटियर फोर्स, ज्याचा तळ डेहराडूनजवळ चक्राता येथे. हवाई टेहळणीसाठी एव्हिएशन रिसर्च सेंटर. आणि १९६३मध्ये सुरू झालेला स्पेशल सर्व्हिस ब्युरो, म्हणजे एसएसबी. शत्रू पुन्हा आत आला तर सीमेवरच्या गावांनी डगमगून जाऊ नये, पाठीमागे राहून प्रतिकार करता यावा, यासाठी एसएसबीची माणसे हिमालयातल्या खेड्यांमध्ये राहत, लोकांची कामे करून देत आणि पुरुषांबरोबर बायकांनाही बंदूक चालवायला शिकवत. या सगळ्यांच्या पगारपत्रकावर 'मंत्रिमंडळ सचिवालय' असे असू शकते. 'रॉ'ही त्याच सचिवालयाखाली येते, पण नुसते ते दोन शब्द पाहून कोणी 'रॉ' म्हणू लागला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

डायरीतल्या '२२' विषयी: स्पेशल फ्रंटियर फोर्सचे जुने नाव 'एस्टॅब्लिशमेंट २२' आणि बोलण्यात 'टू-टू'. ते पडले त्याचे कारण गमतीचे आहे. त्याचे पहिले प्रमुख मेजर जनरल सुजनसिंग उबान हे तोफखान्याचे अधिकारी, आणि दुसऱ्या महायुद्धात त्यांनी २२ माउंटन रेजिमेंटचे नेतृत्व केले होते, तो आकडा त्यांनी नव्या दलाला दिला. म्हणून आपले नाना तोफखान्याचे आणि डायरीत २२, हा योग जुळून येतो खरा. पण तो योगायोगही असू शकतो. महिन्याच्या २२ तारखेला कोणाला पैसे पाठवायचे असतील! गोल केलेले २२ कोणत्या तारखांच्या पानांवर आहेत ते आधी पाहा. हे दल १९७१मध्ये चितगाव डोंगराळ भागात लढले, पण डायरी १९७०ची आहे, त्यामुळे तो धागा येथे जोडता येत नाही.

माहिती अधिकाराबद्दल. लष्कर त्या कायद्याच्या कक्षेबाहेर नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसते. दहा रुपये भरून लष्करी सेवेपुरता अर्ज करा, तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे, आणि वारस म्हणून काकूंच्या नावाने केलात तर 'व्यक्तिगत माहिती' ही सबब पुढे येण्याची शक्यता कमी. वर सांगितलेल्या तिन्ही संस्था मात्र कलम २४ आणि दुसऱ्या अनुसूचीप्रमाणे वगळलेल्या आहेत. भ्रष्टाचार किंवा मानवी हक्कांचे उल्लंघन यांविषयीचा आरोप असला तरच ते दार उघडते, आणि वीस वर्षे उलटली एवढ्याने ही सूट संपत नाही. संरक्षण मंत्रालयाने जून २०२१मध्ये युद्धविषयक कागद साधारणपणे पंचवीस वर्षांनी खुले करण्याचे धोरण जाहीर केले, पण ते त्या मंत्रालयाच्या अखत्यारीतील अभिलेखांसाठी आहे. त्याचा उपयोग फार तर १९६५मधल्या नानांच्या रेजिमेंटच्या युद्धरोजनिशीपुरता होईल.

देवळाली_मालती

वरील सर्वांनी उपयुक्त माहिती दिली आहे, पण एक प्रश्न कोणी विचारलेला दिसत नाही. काकू हयात आहेत, असे मूळ प्रश्नावरून वाटते. त्यांना विचारलेत का? आणि विचारायचे ठरवले असेल, तर कसे?

माझे वडीलही अशाच एका खात्यात होते. वर्षातले आठ-नऊ महिने ते घरी नसत. आईने आम्हां भावंडांना एक नियम घालून दिला होता: वडील घरी आले की कुठून आलात हे विचारायचे नाही, काय आणले हे विचारायचे. तिने स्वतः काही विचारले नाही असे नाही, पण जे कळले ते तिने स्वतःजवळ ठेवले आणि ते तिच्यासोबत गेले. वडिलांच्या पश्चात माझ्या भावाने मोठ्या उत्साहाने शोध सुरू केला तेव्हा ती इतकी दुखावली, की कित्येक दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिचे म्हणणे एवढेच होते की ते गुपित दोघांनी मिळून सांभाळले होते, एकट्या तुझ्या बापाने नव्हे. तेव्हा कागद उलगडण्याआधी, किंवा निदान त्याच्या बरोबरीने, काकूंची परवानगी घ्या. त्या नको म्हणाल्या तर थांबावे, असे माझे स्पष्ट मत आहे, मग येथील कोणाला ते पटो वा न पटो.

कायद्याचे म्हणाल तर आपल्या माणसाचे आयुष्य समजून घेणे हा गुन्हा नाही. मात्र १९२३चा शासकीय गुपिते कायदा अजून लागू आहे, आणि अधिकार नसताना गोपनीय कागद जवळ ठेवणे किंवा दुसऱ्याला दाखवणे त्याच्या कक्षेत येते. 'रिस्ट्रिक्टेड' हा सर्वांत खालचा दर्जा आहे आणि प्रशिक्षणाच्या अगदी साध्या पुस्तिकांवरही तो छापत असत, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. तरीही तिची पाने येथे चिकटवू नका. त्याहून वरच्या दर्जाचा एखादा कागद निघाला तर वाचत बसू नका, छायाचित्र घेऊ नका, संबंधित खात्याला पत्र लिहून परत करा. फोटोतल्या बाकीच्या सात जणांचीही घरे आहेत. तो फोटो सार्वजनिक करण्याचा अधिकार आपल्या एकट्याचा नाही.

दिंडोरी_नाका

मालतीताई, आपल्या भावना समजतात, पण एक मतभेद नोंदवतो. या माणसांनी पदकांची अपेक्षा न ठेवता काम केले, आणि घरच्यांनीही पिढ्यान्‌पिढ्या गप्प राहायचे ठरवले तर त्यांची नोंद कुठेच उरणार नाही. ऑगस्ट २०२०मध्ये लडाखमध्ये स्पेशल फ्रंटियर फोर्सचा एक तिबेटी अधिकारी मृत्युमुखी पडला, त्याचे अंत्यसंस्कार तिरंग्यात आणि जाहीरपणे झाले, तेव्हा कोठे देशातल्या अनेकांनी त्या दलाचे नाव पहिल्यांदा ऐकले. ते उभारून तोवर ५७ वर्षे झाली होती.

देवळाली_मालती

नोंद व्हावीच. काकूंना विचारून व्हावी, एवढेच मी म्हणते.

तांबटआळी

सर्वांचे आभार. मालतीताईंचे म्हणणे पटले, म्हणून पुढे जाण्याआधी काकूंकडे गेलो. त्यांनी आधी 'त्यांनी नाही सांगितले ते तुम्ही कशाला उकरता' असे म्हणून विषय झटकला. नंतर मी मे महिन्यातले ते पत्र वाचून दाखवले. काकूंचे डोळे आता अधू झाले आहेत, त्यामुळे अनेक वर्षांत त्यांनी ते स्वतः वाचलेले नव्हते. ऐकून झाल्यावर त्या हसल्या आणि म्हणाल्या, 'हातमोजे मीच विणून पाठवले होते, पण अंगठा लहान झाला.' मग देवघराच्या फडताळातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या विम्याच्या जुन्या पावत्या काढून दिल्या आणि सांगितले की कागदावरून जे कळेल ते कळू दे, तोंडाने मी काही सांगणार नाही, आणि फोटो कोणाला द्यायचा नाही. मला ही वाटणी मान्य आहे.

विम्याचा हप्ता पगारातून कापला जात असे आणि एका पावतीवर नावापुढे हुद्दा टाइप केलेला आहे: 'एरिया ऑर्गनायझर'. पेन्शनच्या आदेशावर अलाहाबाद नाही. हिशेबाच्या तक्त्यात निवृत्त_लेखनिक यांनी सांगितल्याप्रमाणे लष्करी सेवा जोडलेली आहे आणि नागरी सेवेची सुरुवात १९६८मधील आहे. डायरीतले गोल केलेले २२ मात्र सगळेच्या सगळे २२ तारखेच्या पानांवर आहेत. त्यांतल्या दोन ठिकाणी शेजारी 'म.ऑ.' असे बारीक लिहिलेले आहे, म्हणजे मनीऑर्डर. चुलतभाऊ अतिशय निराश झाला आहे.

दिंडोरी_नाका

'एरिया ऑर्गनायझर' हा एसएसबीचा हुद्दा आहे, त्याखाली सब-एरिया ऑर्गनायझर आणि सर्कल ऑर्गनायझर असत. आपल्याला हवे होते ते बहुतेक हेच. उत्तराखंडातील ग्वालदम येथे त्यांचे प्रशिक्षण केंद्र होते. मे महिन्यातली थंडी अर्थात त्याहून बरीच वर, एखाद्या सीमेवरच्या गावातली असणार. आणि बघा, सीमाभागातल्या गावांच्या विकासाचे काम, असे जे नाना आपल्याला कॉलेजात असताना सांगत, त्यात खोटे फारसे नव्हते.

निवृत्त_लेखनिक

जानेवारी २००१मध्ये एसएसबी गृह मंत्रालयाकडे गेली आणि पुढे तिचेच सशस्त्र सीमा बल झाले, तेव्हा पत्रव्यवहार आता तिकडे करावा लागेल. माहिती अधिकाराचा अर्ज तेथे करू नका, कलम २४ दाखवून तो परत येईल आणि पुढच्या पत्रालाही तेच उत्तर चिकटेल. काकूंच्या सहीने, कुटुंब निवृत्तिवेतनधारक म्हणून, साधे विनंतीपत्र लिहा. पेन्शन आदेशाचा क्रमांक विषयाच्या ओळीतच टाका, आदेशाची आणि मृत्यूच्या दाखल्याची साक्षांकित प्रत जोडा, आणि मागणी फक्त सेवापुस्तकातील नेमणुकांच्या तारखा व हुद्दे एवढ्यापुरती ठेवा. कामाचे स्वरूप विचारू नका. तारखा आणि हुद्दे देणे त्यांना सोपे जाते. ठिकाणे मिळाली तर मिळाली. लष्कराचा अर्ज वेगळा करा, त्यात ईसी क्रमांक आणि राजपत्राची तारीख द्या. दोन्ही अर्ज स्पीड पोस्टाने पाठवून पोच घ्या आणि ती पावती विम्याच्या पावत्यांच्या पिशवीत ठेवा.